काळ्या एडिटरचे गुरुजी

मॅडमनी मागितलं होतं अर्धं पान. हे आधीच नमूद करून ठेवलेलं बरं. कारण एकेचाळीस जणांचा सर्व्हे, सिस्टिम विभागाचे फॉर्म, जेवणाच्या टेबलाची फाळणी, एका सभ्य गृहस्थाच्या हातांवर टाकलेला नॅपकिन आणि मोठ्या हॉलमधला तो प्रसंग, हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल की मॅडमनी निदान ग्रंथ तरी मागितला असणार. छे! अर्धं पान. तेही मोठ्या अक्षरात चाललं असतं.

"गुरुजी," सोमवारी सकाळी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सहा नवी मंडळी येतायत. त्यांच्या मशीनवर एडिटर कोणता टाकायचा, एवढं एक टिपण द्या मला शुक्रवारपर्यंत. तुम्हीच द्या, म्हणजे वाद नको."

"शुक्रवार कशाला? दुपारी देतो," गुरुजी म्हणाले, आणि आपल्या हातानं आपल्या आठवड्यावर पाणी सोडून जागेवर येऊन बसले.

आता, ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो लिहायला काहीतरी लागतं, त्याला एडिटर म्हणायचं. शिंप्याला जशी कात्री. फरक एवढाच की दोन शिंपी भेटले तर कपड्यांबद्दल बोलतात आणि दोन प्रोग्रॅमर भेटले तर कात्रीबद्दल. या ऑफिसात दोन कात्र्या होत्या. एक रंगीत एडिटर. तो अर्धा शब्द लिहिला की उरलेला अर्धा आपणच लिहितो, चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ ओढतो आणि दर दोन आठवड्यांनी सकाळी ऐन घाईत स्वतःला नवं करून घेतो. दुसरा काळा. त्याला ना बटणं, ना यादी, ना माउस. समोर नुसता काळा पडदा. सगळं कळांवर चालतं, आणि प्रत्येक कळेला दोन स्वभाव असतात: एका अवस्थेत ती अक्षर उमटवते, दुसऱ्या अवस्थेत हुकूम सोडते. कोणत्या अवस्थेत आपण आहोत हे ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं. ज्यांना हे जमतं ते बाकीच्यांकडे घोडेस्वारानं पायी चालणाऱ्याकडे बघावं तसे बघतात.

या घोडेस्वारांचे गुरुजी म्हणजे आपले गुरुजी. एकोणीस वर्षं काळा एडिटर वापरणारे ऑफिसातले एकमेव. म्हणून तर ते नाव.

आणि गुरुजींना तो एडिटर येत नव्हता.

झालं होतं असं की नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडून तो चुकून उघडला गेला. बंद करायला गेले, तर बंद होईना. सगळ्या कळा दाबून झाल्या. संध्याकाळी सगळे निघाले तरी हे बसलेले, कारण मशीन तसंच सोडून जायची लाज वाटत होती. तेवढ्यात त्या वेळचे साहेब मागून गेले, पडद्याकडे पाहून थबकले आणि म्हणाले, "वा! हा वापरता? जाणकार दिसता." बाहेर पडता येईना म्हणून माणूस आत राहिला, आणि लोकांनी त्याला निष्ठा म्हटलं. पुढे गुरुजींनी चार हुकूम मिळवले: उघडणे, लिहायला लागणे, जतन करणे, बाहेर पडणे. ते एका चिठ्ठीवर लिहून, चहा सांडलाच तर म्हणून वरून चिकटपट्टी लावून, कीबोर्डखाली ठेवून दिले. काम ते करायचे एका साध्या, पांढऱ्या, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या खिडकीत. मागे पावलं वाजली की डाव्या हाताची दोन बोटं हलत आणि काळा पडदा पुढे येई. झोपेतसुद्धा ती दोन बोटं हलतात, असं त्यांच्या पत्नीचं म्हणणं होतं.

तर सोमवारी गुरुजींनी मथळा लिहिला, 'एडिटरविषयी टिपण', आणि खाली लिहिलं, 'दोन्ही चांगले आहेत.' एवढ्यावर सही करून ते उठले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मागे टोपी उभा होता.

टोपी म्हणजे काळ्या पक्षाचा कट्टर कार्यकर्ता. त्याची जागा बरोबर एसीच्या तोंडाखाली. त्यामुळे बारा महिने डोक्यावर लोकरीची टोपी, आणि त्यामुळे हे नाव. तिच्याखाली केस आहेत की नाहीत, यावर ऑफिसात एडिटरखालोखाल वाद होता.

"दोन्ही?" टोपी कुजबुजला. "गुरुजी, तुम्ही? दोन्ही?"

"सुरुवात आहे रे ती," गुरुजी म्हणाले. "पुढे मग..."

"पुढे मग खरं काय ते येणार! समजलो." आणि टोपी गेला तो थेट चहाच्या मशीनपाशी. सव्वाअकरापर्यंत अख्ख्या मजल्याला खबर लागली की गुरुजी निकाल लिहितायत, आणि तो एकतर्फी आहे.

दुपारी जेवणाच्या टेबलाचे दोन भाग झाले. मधे तीन खुर्च्यांची निर्मनुष्य पट्टी.

"माउसला हात लावायचा म्हणजे," टोपी घास हातात धरून सांगत होता, "लिहिता लिहिता उठून चप्पल शोधायला जाणं."

"आणि तुमच्या काळ्यात एक अक्षर लिहायचं तर आधी परवानगी!" पलीकडून एक रंगीतवाला. "लिहू का? लिहा. थांबू का? थांबा. एडिटर आहे की सासू?"

"सासूला निदान शिस्त असते. तुझा रंगीत म्हणजे लाडावलेला जावई. उठायला पाच मिनिटं, आणि उठल्यावर पहिलं काय, तर मला नवीन काय घेताय!"

हशा झाला. गुरुजी मधल्या पट्टीतल्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसले, कारण निःपक्ष माणसानं तिथंच बसायचं असतं. गंमत म्हणजे त्यांच्या शेजारी आणखी एकजण गप्प बसून जेवत होती: झटपट. आठच महिन्यांपूर्वी आलेली, वयानं तिशीची, आणि बोटं अशी की तिच्या टेबलावरून पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येई. ती रंगीत पक्षाची शान. पण वाद सुरू झाला की ती डब्यात बघे.

वाद मिटवायचा सनदशीर मार्ग म्हणून गुरुजींनी मंगळवारी सर्व्हे काढला. संगणकावरच भरायचा छोटा फॉर्म: 'आपला एडिटर कोणता व का?' एकेचाळीस जणांकडून एकेचाळीस उत्तरं आली. रंगीतला बावीस. काळ्याला तेरा, त्यात एक गुरुजींचं स्वतःचं, जे त्यांनी छातीवर दगड ठेवून भरलं. 'कोणताही चालेल पण पांढरा पडदा नको, डोळे जातात' असे तीन. 'एडिटर नंतर बघा, आधी खुर्च्या बदला' असे दोन. आणि रिसेप्शनच्या बाईंचं एक: 'ते काय असतं माहीत नाही, पण गुरुजी वापरतात तोच.'

हे शेवटचं वाचून गुरुजींना आत कुठंतरी टोचलं.

सगळी उत्तरं त्यांनी छापून नोटीस बोर्डावर लावली. उगाच नंतर कोणी म्हणायला नको. लावताना त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच उत्तरांत मधेच इंग्रजी 'जे' हे अक्षर तीनतीन-चारचार वेळा पडलंय. जेजेजेजे. काही अर्थ नाही, संदर्भ नाही. गुरुजींनी कपाळाला आठ्या घातल्या, लाल पेन काढलं, तेरा कागदांवर तेरा गोल केले आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं: 'टायपिंगकडे लक्ष द्यावे.'

टोपी बोर्डासमोर पोट धरधरून हसला. "गुरुजी म्हणजे गुरुजी! काय टोला हाणलाय!"

कोणाला हाणला हे गुरुजींना कळलं नाही, पण तेही हसले. झटपट मात्र बोर्डासमोर बराच वेळ उभी होती आणि बोटानं काहीतरी मोजत होती.

बुधवारी सकाळी प्रकरण सिस्टिम विभागात गेलं. तिथले प्रमुख अण्णा. खोलीत चारशे केबली, आणि अण्णांच्या टेबलावर एक फाइल, तिचं नाव 'मंजूर यादी'. जे यादीत आहे ते ऑफिसात आहे. जे यादीत नाही ते डोळ्यांना दिसलं तरी नाही.

अण्णांनी बोट फिरवत यादी वाचली. "रंगीत आहे. तुमचा काळा... नाहीये."

"असं कसं? एकोणीस वर्षं वापरतोय मी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"अहो, परवानगी कसली, तो मशीनबरोबरच येतो!"

"मशीनबरोबर धूळही येते," अण्णा म्हणाले. "ती घालू यादीत?"

म्हणजे कागदोपत्री गुरुजी एकोणीस वर्षं हवेत लिहीत होते. एका परीनं ते खरंच होतं, पण अण्णांच्या तोंडून ऐकताना कानशिलं तापली. अण्णांनी फॉर्म पुढे केला. पहिला रकाना, विक्रेत्याचं नाव. एडिटर फुकट, विक्रेता नाही. दुसरा रकाना, विक्रेत्याची सही.

"विक्रेता नाही, तर सही कुठून आणू?"

"तेच म्हणतोय मी. सही नाही तर फॉर्म अपुरा. मग एकच रस्ता उरतो." अण्णांनी दुसरा फॉर्म काढला. "प्रत्यक्ष चाचणी. दोन्ही एडिटर, एकच काम, दोन तज्ज्ञ, पाच साक्षीदार. अहवाल द्या, यादीत घालतो."

गुरुजींना वाटलं, सुटलो. तज्ज्ञ म्हणून टोपीला उभं करू, आपण साक्षीदारांत बसू. पण ते खोलीबाहेर पडायच्या आत, दाराशी कान लावून उभ्या असलेल्या टोपीनं मजल्यावर जाहीरसुद्धा केलं होतं, "काळ्यातर्फे गुरुजी! उद्या जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर!"

"आमच्यातर्फे झटपट!" रंगीतवाले ओरडले.

"आणि ऐका, जोडण्या बंद!" टोपी म्हणाला. "एडिटरला वरून लावलेली ठिगळं चालणार नाहीत. जसा आला तसा वापरायचा."

हे ऐकून झटपट एकदम खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला होता. गुरुजींनी ते पाहिलं. घाबरली बिचारी आपल्याला, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःच्या तोंडचं पाणी पळालेलं असतानाही क्षणभर छाती फुगली. माणसाचा स्वभाव हा असा आहे.

घरी आल्यावर ती छाती बसली.

"मग सांगून टाका की येत नाही म्हणून," पत्नी म्हणाली. ती शाळेत भूमिती शिकवे, त्यामुळे दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर तिला चटकन दिसे.

"एकोणीस वर्षांनंतर?"

"मग काय, पंचवीस पूर्ण झाल्यावर सांगणार?"

"अगं, तिथं मला नावानं कोणी हाक मारत नाही. गुरुजी म्हणतात. उद्या ते गेलं तर उरलो काय मी? कोपऱ्यात बसणारे एक काका."

यावर तिनं एक चूक केली. ती मदत आणायला जिन्यात गेली. परत आली तेव्हा बरोबर दोन शेजारी होते.

तळमजल्याच्या दंतवैद्यांनी उभ्याउभ्याच निदान केलं. "अक्कलदाढ काढू या. आत्ता. चार दिवस तोंड उघडायला नको, प्रमाणपत्र मी देतो."

"दुखत नाहीये हो ती."

"काढल्यावर दुखेल की!"

दुसरे होते वरच्या मजल्याचे मास्तर. टाइपरायटरच्या जमान्यात त्यांनी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता, आणि कीबोर्डची स्पर्धा आहे एवढंच ऐकून त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. आल्याआल्या त्यांनी गुरुजींचे दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि वरून जेवणाच्या टेबलावरचा नॅपकिन टाकला.

"हाताकडे बघायचं नाही. बोटांना डोळे असतात. चला, ताठ बसा! मनगटं वर!"

"मास्तर, यात वेगाचा प्रश्न नाही, यात..."

"वेगाचा प्रश्न नाही असं हळू टाइप करणारेच म्हणतात. मनगटं!"

दीड तासात गुरुजींचा वेग खरोखर वाढला. मग त्यांनी घरच्या मशीनवर एक जुनी फाइल काळ्या एडिटरमध्ये उघडली, नॅपकिनखालून मोठ्या आत्मविश्वासानं 'आदरणीय मॅडम' असं लिहिलं, आणि अवस्था चुकीची असल्यामुळे त्यातल्या प्रत्येक अक्षराचा हुकूम झाला. पडद्यावरून एकेचाळीस ओळी गेल्या, उरलेल्या उलट्यासुलट्या झाल्या, आणि खालच्या कोपऱ्यात एक सूचना आली जी कोणालाच समजली नाही. पूर्वी हे सगळं बिघडायला पाच मिनिटं लागायची. आता अकरा सेकंदांत झालं.

"प्रगती आहे," मास्तर म्हणाले.

गुरुवारी सकाळी गुरुजी लिफ्ट सोडून जिन्यानं चढत होते. पोचायला जेवढा उशीर होईल तेवढा बरा. तिसऱ्या वळणावर झटपट पायरीवर बसली होती.

"गुरुजी, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला काळा येत नाही ना?"

गुरुजींच्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप हलली. पण इथं पुढे आणायला काळा पडदा नव्हता.

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. लाल पेनानं." तिनं आवाज खाली आणला. "काळ्यात खाली जायचं तर 'जे'ची कळ दाबतात. वर्षभर वापरला की ते बोटात बसतं. मग दुसरीकडे कुठंही लिहिताना, मेल असो की फॉर्म, खाली जायला बोट तिथंच पडतं आणि जेजेजेजे उमटतं. ज्याला काळा येतो त्याच्या हातून हे होतंच. काळ्याचे तेरा कागद होते. बारांवर 'जे' आहेत. एकावर नाहीत. आणि त्या एकानं बाकीच्यांना टायपिंगकडे लक्ष द्यायला सांगितलंय."

गुरुजी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"पण मी गोल तेरा केले होते. काळ्यांचे बारा, तर तेरावा...?"

झटपटनं डोळे मिटून घेतले. "माझा."

"तू? पण तू तर रंगीत..."

"नऊ वर्षं काळा वापरला मी. आधीच्या ऑफिसात सगळे काळेच. जेवताना काळा, चहाला काळा, एकाच्या साखरपुड्यातसुद्धा काळा. वैताग आला हो! इथं आले तेव्हा ठरवलं, रंगीत उघडून बसायचं आणि शांतपणे डबा खायचा. रंगीतमध्ये एक जोडणी मिळते. ती लावली की आत सगळ्या कळा काळ्यासारख्या चालतात. वरून रंगीत, आतून काळा. कोणाला कळत नाही." ती थांबली. "आज जोडण्या बंद आहेत. मला नुसता रंगीत येत नाही, गुरुजी. आणि हे कळलं तर दोन्हीकडचे मला टेबलावर घेणार नाहीत."

तिनं मांडीवरच, कीबोर्ड असल्यासारखी, बोटं मांडली.

"रंगीतमध्ये खाली कसं जातात?" तिनं विचारलं.

"बाणाची कळ आहे ना."

"कुठे असते ती?"

"उजवीकडे, खाली. चार बाण असतात बघ."

"अच्छा!" झटपट म्हणाली. "त्या त्यासाठी असतात होय!"

एवढं प्रशिक्षण घेऊन दोघं वर गेली. ठरलं एवढंच की सावकाश खेळायचं.

जेवणाच्या सुट्टीत हॉल गच्च भरला. पुढे दोन टेबलं, दोन मशीन, मागे भिंतीवर दोन मोठे पडदे. मॅडम पहिल्या रांगेत. अण्णा पाच साक्षीदारांच्या सह्या आधीच घेऊन बसलेले, कारण नंतर लोक पळतात. काम साधं होतं: दोनशे ग्राहकांची यादी, प्रत्येक ओळीत नाव आधी आणि आडनाव नंतर, ते उलटं करायचं. वेळ दहा मिनिटं.

"सुरू!" मॅडम म्हणाल्या.

पहिली दोन मिनिटं कोणीच कशाला हात लावला नाही. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर दचकले असते लोक.

"काय संयम आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"काळ्यात असंच असतं," टोपी कुजबुजला. "आधी पूर्ण विचार. मग एकच कळ."

गुरुजींनी एकच कळ दाबली. काही झालं नाही. म्हणून तीच पुन्हा दाबली. दोनशे ओळींची यादी होती, ती एकशेनव्व्याण्णवची झाली. घाबरून त्यांनी आजूबाजूच्या चार कळा दाबल्या, आणि यादी होती तिथं निव्वळ काळोख पसरला.

"साफ केलं!" टोपीच्या आवाजात भक्ती होती. "पहिल्यापासून उभी करणार! डोक्यातून!"

दुसऱ्या पडद्यावर झटपटनं सुरुवात केली. नाव, आडनाव, अदलाबदल. झकास. आणि खालच्या ओळीवर जायला बोट गेलं ते नेमकं सवयीच्या जागी. जेजेजेजे. तिनं ते खोडलं. पुढची ओळ. जेजेजे. तिनं बोट हवेत धरलं, बाण शोधला, सापडला, एक ओळ उतरली, आणि पुन्हा घाईत जेजेजेजेजे, आठ फुटी पडद्यावर, वीतभर उंचीच्या अक्षरांत.

"काहीतरी खुणा करून ठेवतेय," रंगीतवाले एकमेकांना सांगत होते.

पण टोपी आता पुढे वाकला होता. त्याच्या भुवया टोपीत गेल्या. तो पडद्याकडे बघत होता, मग झटपटच्या बोटांकडे, पुन्हा पडद्याकडे. "अरे," तो म्हणाला, "हे तर..."

गुरुजींनी ते ऐकलं. त्यांनी झटपटकडे पाहिलं. तिचे हात कीबोर्डवर थिजले होते, नॅपकिन टाकल्यासारखे. आणि गुरुजी ताडकन उभे राहिले. इतके ताडकन, की खुर्ची मागे जाऊन अण्णांच्या गुडघ्याला लागली.

"थांबा!" ते म्हणाले. "मला काही सांगायचंय."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. टोपीचीसुद्धा. झटपटच्या टेबलावर गारांचा आवाज झाला आणि पडद्यावरचे सगळे 'जे' गेले.

"मला हा एडिटर येत नाही," गुरुजी म्हणाले. एकदा सुरू झाल्यावर थांबवेना. "कधीच आला नाही. एकोणीस वर्षांत मला यातले चार हुकूम ठाऊक झाले. तेही पाठ नाहीत. ही बघा चिठ्ठी." त्यांनी खिशातून ती चिकटपट्टी लावलेली चिठ्ठी काढून वर धरली. "मी आत्ता तुमच्यासमोर दोनशे ग्राहक पुसून टाकले ते मुद्दाम नाही. ते परत कसे आणायचे मला माहीत नाही. मला गुरुजी म्हणू नका. तेवढंच सांगायचं होतं."

आणि ते मान खाली घालून उभे राहिले. आता हसतील. आता टोपी ओरडेल. आता रिसेप्शनच्या बाई दारातून बघत असतील.

टोपी उठला. त्यानं सावकाश डोक्यावरची टोपी काढली. (केस होते. भरपूर होते. पण त्या क्षणी कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, हीच काय ती त्या प्रसंगाची उंची.)

"एकोणीस वर्षं," टोपी म्हणाला. "एकोणीस वर्षं, आणि म्हणतायत मला येत नाही! आणि मी? दोन वर्षांत मला वाटायला लागलं होतं की मला येतो!"

"अरे, खरंच येत नाही!" गुरुजी कळवळून म्हणाले.

"केवढा विनय," रंगीतवाल्यांपैकी एकजण म्हणाला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोणीतरी चिठ्ठीचा फोटो काढला. चारच हुकूम, ज्याला कळलं त्याला चारच पुरतात, यावर मागच्या रांगेत चर्चा सुरू झाली. गुरुजी प्रत्येकाला धरधरून सांगत होते, "अहो, ऐका, मला ठार येत नाही," आणि जितकं सांगत तितकी त्यांची उंची वाढत होती.

अण्णा गुडघा चोळत फॉर्म भरत होते. 'निकाल' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'तज्ज्ञाने विनयपूर्वक माघार घेतली.' मग थोडा विचार करून यादीत काळा एडिटर चढवला आणि 'कोणाच्या परवानगीने' याच्यापुढे लिहिलं, 'गुरुजी.'

शुक्रवारी टिपण गेलं. मथळा सोडून तीन ओळी: 'ज्याला जो येतो तो त्याने वापरावा. येत नसेल तर तसे सांगावे. सांगून उपयोग होईलच असे नाही.'

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "अर्धं पानसुद्धा लागलं नाही. आणि गुरुजी, ती सहा मंडळी येतायत ना सोमवारी, त्यांना काळा तुम्हीच शिकवायचा. महिनाभर. तुमच्याशिवाय कोण आहे?"

गुरुजी बाहेर आले ते थेट झटपटच्या टेबलापाशी गेले. ती काही बोलायच्या आधीच त्यांनी खिशातून घरचा नॅपकिन काढून तिच्यासमोर ठेवला.

"शिकवशील?"

"शिकवते," ती म्हणाली. "बाणांच्या बदल्यात."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत, जिन्याच्या तिसऱ्या वळणावर, मांडीवर मशीन, हातांवर नॅपकिन. सकाळी सहाजणांना गुरुजी जे शिकवत ते आदल्या दुपारी शिकलेलं असे. एखाद्यानं पुढचं विचारलंच, तर गुरुजी गंभीरपणे म्हणत, "घाई करू नका. ते उद्या." आणि सहाही जण वहीत लिहून घेत: घाई करू नये.

महिना संपला तेव्हा गुरुजींनी मॅडमना प्रशिक्षणाचा अहवाल मेलनं पाठवला. दहा मिनिटांत मॅडमचा निरोप आला, जरा येऊन जा.

"सगळं छान आहे," मॅडम पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पण गुरुजी, हे मधेच काय आलंय?"

गुरुजींनी चष्मा पुढे ओढून पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदांच्या मधे, एकटंच, कसलाही संदर्भ नसलेलं: जेजेजेजे.

ते बघतच राहिले. मग म्हणाले, "मॅडम, याची एक छापील प्रत मिळेल का?"

प्रत घेऊन ते बोर्डापाशी गेले, लाल पेन काढलं, आपल्या हातानं त्या चार अक्षरांभोवती ऐसपैस गोल काढला, आणि कागद अगदी मधोमध टाचला. जाता येता दिवसभरात त्यांनी तो सात वेळा पाहिला. आठव्या वेळी गेले तेव्हा खाली कोणीतरी घाईघाईच्या, उतरत्या अक्षरात एक ओळ लिहून गेलं होतं:

'टायपिंगकडे लक्ष द्यावे.'